अथणीची चप्पल मिलानला पोचली तेव्हा : व्यापारी वाटाघाटींचा एक प्रकरण अभ्यास

२२ जून २०२५ ला मिलानमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने पुरुषांच्या पुढच्या उन्हाळ्याच्या कपड्यांचा शो केला. काही मॉडेल्सच्या पायांत चामड्याच्या सपाट, अंगठ्याच्या चपला होत्या. कंपनीच्या लेखी त्या नुसत्या ‘लेदर सँडल्स’ होत्या. कोल्हापूरचं नाव नाही, भारताचंही नाही. निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी या कर्नाटकातल्या, कोल्हापुरी चपला बनवणाऱ्या पट्ट्यात ज्यांनी ते फोटो पाहिले त्यांना कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

पुढे काय झालं ते आधी थोडक्यात सांगतो. समाजमाध्यमांवर गदारोळ उठला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र लिहिलं. कंपनीच्या सामाजिक जबाबदारी विभागाचे तेव्हाचे प्रमुख लोरेन्झो बेर्तेल्ली यांनी उत्तरात मान्य केलं की या चपलांची प्रेरणा भारतातल्या शतकानुशतकं चालत आलेल्या हस्तकलेची आहे. मात्र त्या अजून डिझाइनच्या टप्प्यावर आहेत, विक्रीचं काही ठरलेलं नाही, असंही कळवलं. जुलैच्या मध्याला कंपनीचं पथक कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटलं. त्याच सुमारास, १६ जुलैला, मुंबई उच्च न्यायालयाने या विषयावरची जनहित याचिका फेटाळली. आणि ११ डिसेंबरला इटली-भारत व्यापार परिषदेच्या निमित्ताने मुंबईतल्या इटलीच्या वाणिज्य दूतावासात सामंजस्य करार झाला. एका बाजूला प्राडा. दुसऱ्या बाजूला दोन सरकारी महामंडळं: महाराष्ट्राचं लिडकॉम, म्हणजे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, आणि कर्नाटकचं लिडकर, म्हणजे डॉ. बाबू जगजीवनराम यांच्या नावाचं चर्मोद्योग महामंडळ. तेव्हा जाहीर झालं ते असं: दोन्ही राज्यांत बनवलेले २,००० जोड, एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो, फेब्रुवारी २०२६ पासून जगभरातल्या ४० दुकानांत आणि ऑनलाइन विक्री, शिवाय कारागिरांच्या प्रशिक्षणाचा तीन वर्षांचा कार्यक्रम.

बहुतेकांनी हे प्रकरण चोरी, बोभाटा आणि तडजोड अशा क्रमाने वाचलं आणि सोडून दिलं. मी वाणिज्य शाखेला आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवतो. सीमाभागातली जी मुलं परराष्ट्र सेवेची स्वप्नं बघतात, त्यांच्यासाठी इतकं उपयोगी प्रकरण मला दुसरं दिसत नाही. माल आपल्या तालुक्यातला आहे, कायदा चेन्नईपासून जिनिव्हापर्यंत पसरलेला आहे, आणि विक्रेत्याच्या बाजूला अशी दोन राज्यं आहेत जी एकमेकांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात उभी आहेत.

२३ जूनची सकाळ

समजा, तुम्ही परराष्ट्र सेवेतले अधिकारी आहात. मिलानच्या भारतीय वाणिज्य दूतावासात व्यापाराचं काम तुमच्याकडे आहे. शोच्या दुसऱ्या दिवशी दिल्लीहून विचारणा येते: या प्रकरणात आपल्या हातात काय आहे?

उत्तर देण्याआधी या खुर्चीचं काम कळायला हवं, कारण आपल्याकडे परराष्ट्र सेवा म्हटलं की ध्वज, मेजवान्या आणि व्हिसा एवढंच डोळ्यांपुढे येतं. लोकसेवा आयोगाची परीक्षा, प्रशिक्षण, एक परकीय भाषा सक्तीने शिकणं, आणि मग पहिल्या नेमणुका. त्यात कधी ना कधी व्यापार विभाग वाट्याला येतो. रोजचं काम सरळ असतं, पण चिकाटीचं. तिथल्या आयातदाराला भारतातला पुरवठादार शोधून द्यायचा. भारतातला निर्यातदार विचारतो, ‘हा गिऱ्हाईक खरा आहे का, पैसे देईल का’. त्याची चौकशी करायची. खरेदीदार-विक्रेता मेळावे भरवायचे. माल नाकारला, पैसे अडकले, तर दोघांना समोरासमोर बसवायचं. निवाडा देण्याचा अधिकार मात्र नसतो. आणि त्या देशाचं शुल्क, नियम, चाचण्या, बाजाराचा कल यांचा अहवाल सतत दिल्लीला पाठवायचा.

व्यापार करारांच्या वाटाघाटी मुख्यतः वाणिज्य मंत्रालय करतं, परराष्ट्र मंत्रालय नव्हे, हे पुष्कळांना माहीत नसतं. परराष्ट्र सेवेतले काही जण प्रतिनियुक्तीवर त्या मंत्रालयात जातात, काही जिनिव्हाला जागतिक व्यापार संघटनेतल्या भारताच्या कायमस्वरूपी कार्यालयात काम करतात. अशा माणसाच्या कारकिर्दीत मेळाव्यातला चपलांचा गाळा आणि करारातला एखादा स्वल्पविराम ही दोन्ही कामं येतात. ज्याने गाळ्यावर उभं राहून गिऱ्हाइकाच्या तक्रारी ऐकल्या आहेत, त्याला करारात कुठे अडून बसायचं ते कळतं, असं माझं मत आहे.

हातातले कागद

आता दिल्लीला काय लिहाल? आपली भावना बळकट असली तरी कायद्याची बाजू कच्ची आहे, आणि हे दिल्लीला स्पष्ट सांगणं हेच त्या अधिकाऱ्याचं पहिलं कर्तव्य.

कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे सगळे ज्याला जीआय म्हणतात ते. कायदा १९९९ चा, अंमल २००३ पासून, नोंदणी कार्यालय चेन्नईत. २०१९ मध्ये जाहीर झालेलं हे मानांकन आठ जिल्ह्यांना मिळून आहे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्रातले चार, आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकातले चार. पण हे मानांकन नावाचं रक्षण करतं. या आठ जिल्ह्यांत न बनलेली चपल ‘कोल्हापुरी’ म्हणून विकली तर तो भंग. प्राडाने ते नाव वापरलंच नव्हतं. रचनेवर हक्क सांगावा तर डिझाइन कायद्याचं संरक्षण जास्तीत जास्त १५ वर्षं, आणि तेही नव्या रचनेला. शेकडो वर्षांच्या घाटाला ते कुठून लागू होणार? शिवाय भारतातली नोंदणी भारताच्या हद्दीत चालते. शो इटलीत झाला.

उच्च न्यायालयाने याचिका फेटाळताना हाच धागा धरला. मानांकनाचा नोंदणीकृत मालक आहे, तो न्यायालयात येऊ शकतो. याचिकाकर्ते त्याच्या जागी उभे राहू शकत नाहीत. लोकांना हा निकाल कोरडा वाटला. मला तो बरोबर वाटला. कारण जो उद्या वाटाघाटींना बसणार, त्याचाच हक्क बोलला पाहिजे.

आणखी एक मुद्दा त्या गदारोळात अगदीच हरवला. ‘प्राडाकडून रॉयल्टी घ्या’ अशी मागणी सगळीकडून होत होती. पण आपल्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे भौगोलिक मानांकन विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, परवान्याने दुसऱ्याला देताही येत नाही. ट्रेडमार्कसारखं ते भाड्याने देण्याजोगं नाही. ते त्या मातीतल्या उत्पादकांचं सामाईक आहे. म्हणजे ‘इतके पैसे द्या आणि नाव वापरा’ हा सौदा होऊच शकत नव्हता. मागता येण्याजोग्या गोष्टी तीनच: माल इथेच बनवून घ्या, नाव सांगून विका, आणि कारागिरांच्या हाताला नवं शिक्षण द्या. डिसेंबरच्या करारात नेमक्या याच तीन गोष्टी आल्या. हा योगायोग नव्हे. कायद्याने बाकीचे रस्ते बंद केले होते आणि हाच एक उरला होता.

जिनिव्हातली जुनी लढाई

बाहेरच्या देशात आपलं मानांकन इतकं लुळं का, याचं उत्तर तीस वर्षं मागे आहे. बौद्धिक संपदेचा जागतिक करार, ट्रिप्स, १ जानेवारी १९९५ पासून लागू झाला. त्याचं कलम २२ सगळ्या मालाच्या भौगोलिक मानांकनांना संरक्षण देतं, पण एका अटीवर: ग्राहकाची दिशाभूल होते किंवा अनुचित स्पर्धा होते हे दाखवावं लागतं. कलम २३ फक्त वाइन आणि मद्यांसाठी. तिथे दिशाभूल सिद्ध करण्याची गरज नाही. ‘अमुक पद्धतीची’, ‘अमुक प्रकारची’ असं लिहूनही ते नाव वापरता येत नाही. शॅम्पेनला जे कवच आहे ते चपलेला, तांदळाला, चहाला नाही. ज्यातून ट्रिप्स करार निघाला त्या उरुग्वे फेरीच्या वाटाघाटींत, १९८६ ते १९९४ या काळात, युरोपने आपल्या द्राक्षमळ्यांसाठी जे मागितलं ते मिळवलं. तेव्हा आपल्याकडे मानांकनाचा कायदासुद्धा नव्हता, आणि ज्या मानांकनाला मायदेशी संरक्षण नाही त्याला बाहेर संरक्षण देण्याचं बंधन कुणावर नाही, असं त्याच करारात लिहिलेलं आहे.

१९९७ मध्ये अमेरिकेत राइसटेक कंपनीला बासमतीवर पेटंट मिळालं तेव्हा आपल्याकडे खडबडून जाग आली. दोन वर्षांत कायदा झाला. जागतिक व्यापार संघटनेच्या २००१ च्या दोहा घोषणापत्रात कलम २३ चं कवच इतर मालालाही द्यावं हा विषय नोंदला गेला. २००८ मध्ये भारत, युरोपीय संघ आणि शंभराहून अधिक सदस्यांनी मिळून त्यासाठी संयुक्त प्रस्ताव मांडला. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अर्जेंटिना विरोधात उभे राहिले आणि गाडी तिथेच रुतली. यात भारतातर्फे ज्यांनी वर्षानुवर्षं मसुदे लिहिले, दुरुस्त्या सुचवल्या, मित्रदेश जमवले, त्या अधिकाऱ्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. कारकीर्द संपते, मुद्दा पुढच्या माणसाच्या फायलीत जातो. व्यापारी मुत्सद्देगिरीत यश बहुतेक वेळा असंच दिसतं, म्हणजे दिसतच नाही.

जिनिव्हाची वाट अडली की देश दोघा-दोघांच्या करारांकडे वळतात. युरोपीय संघाशी १७ जून २०२२ ला भारताने तीन वेगवेगळ्या वाटाघाटी एकाच वेळी सुरू केल्या: मुक्त व्यापार, गुंतवणूक संरक्षण आणि भौगोलिक मानांकनं. तिसऱ्या वाटाघाटीचं महत्त्व अथणीत कुणी सांगत नाही, पण चपलेचं युरोपातलं भवितव्य त्याच फायलीत आहे. दार्जिलिंग चहाला २०११ मध्ये आणि कांगडा चहाला २०२३ मध्ये युरोपात संरक्षण मिळालं, कारण खाद्यपदार्थांसाठी तिथे व्यवस्था होती. हस्तकलेच्या मालासाठी संपूर्ण संघाला लागू होणारी अशी व्यवस्थाच नव्हती. २०२३ च्या नियमाने ती निर्माण झाली आणि १ डिसेंबर २०२५ पासून लागू झाली. म्हणजे जूनमध्ये शो झाला तेव्हा कोल्हापुरी चपलेला युरोपच्या दारात उभं राहून हक्क सांगायला दारच नव्हतं. करार झाला तेव्हा ते उघडून दहा दिवस झाले होते.

सीमाशुल्काच्या वहीतली ओळ

थोडं विषयांतर वाटेल, पण ही गोष्ट मी वर्गात नेहमी दाखवतो. जगभरातले देश आयात-निर्यातीचा माल एकाच वर्गवारीत नोंदवतात. तिचं काम ब्रुसेल्सची जागतिक सीमाशुल्क संघटना बघते. त्यात पादत्राणांच्या ६४ व्या प्रकरणात ६४०३.२० असा क्रमांक आहे. वर्णन असं: चामड्याचा तळ, आणि वरचा भाग म्हणजे पावलावरून आडवा जाणारा चामड्याचा पट्टा व अंगठ्याभोवतीचा चामड्याचा पट्टा. नाव कुठलंच नाही. पण ज्याने पायताण घातलं आहे त्याला ते वर्णन वाचताना आपल्या पायाकडे बघावंसं वाटेल. जगाच्या सीमाशुल्काच्या यादीत, टोकाला धातूची टोपी बसवलेल्या बुटांच्या आणि स्कीइंगच्या जोड्यांच्या शेजारी, अंगठ्याच्या चपलेला स्वतंत्र ओळ मिळालेली आहे.

याचा उपयोग काय? करारात शुल्क ओळीओळीने ठरतं. स्वतंत्र ओळ असली की तेवढ्याच मालासाठी सवलत मागता येते, दुसऱ्या बाजूच्या बूट कारखानदारांना न दुखवता. भारत-ब्रिटन करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या, म्हणजे प्राडा प्रकरण पेटलेलं असतानाच. त्यात १६ टक्क्यांपर्यंतचं चामडी पादत्राणांवरचं शुल्क शून्यावर आणण्याचं ठरलं. सवलत मिळवायला माल मूळ भारताचाच असल्याचं दाखवावं लागतं. कातडं, झाडाची साल, दोरा, हात, सगळं एका मुलखातलं असलेल्या चपलेला ही अट अगदीच सोपी. यंत्राने बनलेल्या बुटात सोल एकीकडचा, कापड दुसरीकडचं. तिथे हिशेब करत बसावं लागतं.

दोन राज्यं, एक विक्रेता

आता ज्या गोष्टीसाठी मी हे प्रकरण निवडलं तिकडे येतो.

मदभावीत किंवा निपाणीत चपला करणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या माल कोल्हापूरला देत आली. गिऱ्हाईक तिथे होतं, चप्पल लाइन ही चपलांची बाजारपेठ तिथे होती, नाव तिथे झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. माल मात्र पूर्वीच्याच रस्त्याने जात राहिला. सीमाप्रश्न आम्हा मराठी माणसांच्या घरातला प्रश्न आहे, तो मी इथे हलक्याने घेणार नाही. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. पण चपलेपुरतं बोलायचं तर, भौगोलिक मानांकनाच्या अर्जाच्या वेळी दोन्ही राज्यांपुढे हाच पेच होता: नाव एका राज्यातल्या शहराचं, हात दोन्हीकडचे.

प्राडाचा वाद पेटल्यावर कर्नाटकचे मंत्री प्रियांक खर्गे यांनी जाहीरपणे सांगितलं की अथणी, निपाणी, चिकोडी, रायबाग भागातले कारागीर या चपला बनवतात, आणि मानांकन एकट्या महाराष्ट्राला जाऊ नये म्हणून लिडकरतर्फे आपण झगडलो होतो. इकडे अनेकांना ते बोलणं खटकलं. माझं मत वेगळं आहे. ते बोलणं राजकारणाचं असो नसो, त्यातली वस्तुस्थिती खरी होती, आणि ती नाकारून कोल्हापूरचंही भलं झालं नसतं.

कसं ते पाहा. समजा मानांकन फक्त महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांना असतं. मिलानच्या वाटाघाटींत समोरच्या वकिलाने एवढंच विचारलं असतं: ही चपल अथणीतही होते ना? मग तिथल्या कारागिराकडून आम्ही घेतली तर तुमचा आक्षेप काय? तो अथणीकडे वळला असता, अथणीने कमी दर दिला असता, कोल्हापूरने त्याहून कमी. खरेदीदाराला याहून दुसरं काय हवं असतं? दोन राज्यं भांडत असताना दोघांचाही माल स्वस्तात जातो. हे व्यापारी मुत्सद्दी पहिल्याच नेमणुकीत शिकतो, कारण भारताचे दोन निर्यातदार एकाच गिऱ्हाइकापुढे भाव पाडताना तो रोज बघतो.

इथे तसं होऊ शकलं नाही, आणि त्याचं कारण वक्तृत्व किंवा धरणं-आंदोलन नव्हतं. चेन्नईच्या नोंदवहीत दोन महामंडळांची नावं एकाच मानांकनापुढे होती. प्राडाला बोलायचं तर दोघांशी बोलावं लागणार होतं. सीमेवर ज्यांचं एकमत होत नाही त्या दोन सरकारांच्या संस्था ११ डिसेंबरला एकाच कागदावर एकाच बाजूला सही करून उठल्या. गदारोळाने कंपनीला दारापर्यंत आणलं, हे मी मानतो. ती किमान लाज वाटल्याशिवाय कुणी हललं नसतं. पण दारातून आत आल्यावर समोर एकच विक्रेता बसलेला असणं, ही ताकद त्या जुन्या, कंटाळवाण्या नोंदणीने दिली. सीमाभागात आपण इतक्या गोष्टी ‘आमची का तुमची’ या प्रश्नावर अडकवून ठेवतो की हे एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं.

८०० युरोंचा हिशेब

२,००० जोड गुणिले ८०० युरो म्हणजे १६ लाख युरोंची विक्री. कंपनीच्या दृष्टीने हे फार मोठं नाही. अथणीच्या दृष्टीनेही प्रश्न विक्रीच्या आकड्याचा नाही. चांगला जोड कोल्हापुरात हजार-दीड हजार रुपयांना मिळतो, आणि त्यातला कारागिराचा वाटा किती हे व्यापाऱ्यावर ठरतं. ८०० युरोंतला किती भाग कापणाऱ्याच्या आणि वेणी घालणाऱ्या बाईच्या हातात पडेल, हेच या कराराचं खरं माप. त्यासाठी दर जोडामागे नव्हे तर दर कामामागे ठरवायला हवेत असं मी म्हणेन. तळ कापणं, ठोकणं, शिवणं हे पुरुष करतात. वेणी आणि वरचं नाजूक काम बहुधा बायका. जोडाचा दर ठरला की बायकांचा वेळ त्यात विरघळून जातो.

आणि माल युरोपच्या दारातून आत कसा जातो तेही बघायला हवं. इथल्या पद्धतीत कातडं चुन्यातून काढून त्याची पिशवी शिवतात, तीत बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरून टांगून ठेवतात. रस झिरपत राहतो, पुन्हा भरतात. दिवसचे दिवस जातात. क्रोमचं मीठ वापरून हेच काम कारखान्यात फार लवकर होतं. युरोपीय संघात १ मे २०१५ पासून अंगाला लागणाऱ्या चामड्यात सहा-संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमचं घातक रूप, किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. आपल्या बाभळीच्या सालीत तो प्रश्नच येत नाही. ज्या संथपणाबद्दल इथला कारागीर व्यापाऱ्याकडून बोलणी खातो, तोच तिथे प्रमाणपत्रावर छापण्याजोगा गुण आहे. मिलानमधल्या अधिकाऱ्याला हे माहीत असेल तर तो ‘हाताने बनवलेली’ एवढ्यावर न थांबता हे सांगेल, कारण ‘हाताने बनवलेली’ सगळेच म्हणतात.

दुसरी बाजूही आहे. वनस्पती-कमावलेलं चामडं पावसाळ्यात बंद डब्यात समुद्रातून गेलं की बुरशी धरतं. पूर्वी काही निर्यातदार बुरशी रोखायला खोक्यात ज्या पुड्या टाकत, त्यांतल्या डायमिथाइल फ्युमरेटवर युरोपने २००९ मध्येच बंदी घातली. म्हणजे वाळवणं, साठवणं, पाठवण्याचा महिना, सगळं बदलावं लागतं. डाव्या-उजव्या पायाचा रंग जुळला पाहिजे. इथे हातात घेऊन पारखणारं गिऱ्हाईक थोडा फरक चालवून घेतं, तिथलं नाही. मापंही त्यांची. आणि कच्च्या मालाचा प्रश्न सगळ्याच्या मुळाशी. महाराष्ट्रात २०१५ पासून आणि कर्नाटकात २०२१ पासून गोवंश हत्याबंदीचे कायदे कडक झाल्यावर कातड्याचा पुरवठा आटला, कमावणारी घरं कमी झाली. २,००० जोड निघतील. २०,००० ची मागणी आली तर तेवढं हिरड्यात कमावलेलं कातडं आणायचं कुठून, याचं उत्तर सामंजस्य करारात नसतं. ते दोन्ही राज्यांना घरी बसून शोधावं लागेल.

उरलेलं काम

मानांकनाचे मालक महामंडळं असली तरी प्रत्यक्ष कारागिराला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंद करावी लागते. शुल्क नाममात्र आहे. अडचण कागदांची आणि माहितीची. नोंद असेल तर तो स्वतःच्या नावाने कोल्हापुरी विकू शकतो, भंगाविरुद्ध दादही मागू शकतो. नोंद नसेल तर मानांकन त्याच्या जिल्ह्याला आहे, त्याला नाही. सीमाभागात तर दाखले, कार्यालयं यांची भाषा कन्नड, कारागिराच्या घरात कुठे मराठी कुठे कन्नड, आणि विक्री कोल्हापुरात. त्यामुळे दोन्हीकडच्या शिबिरांतून तो सुटतो. इथल्या महाविद्यालयांतली वाणिज्य शाखेची मुलं हे अर्ज भरून देऊ शकतात. परराष्ट्र सेवेची तयारी करणाऱ्याने तर आधी असे चार अर्ज भरावेत. जिनिव्हात ज्या शब्दांवरून महिनोन्‌महिने खल चालतो ते शब्द इथे एखाद्या माणसाच्या आधार कार्डाशेजारी येऊन बसलेले दिसतात.

युरोपच्या नव्या नोंदणीत भारतासारख्या बाहेरच्या देशातल्या उत्पादकांनाही अर्ज करता येतो; कार्यालय स्पेनमधल्या आलिकान्ते शहरात आहे. मायदेशी संरक्षण असल्याचा पुरावा ही पहिली अट, आणि ती आपण पुरी करतो. मग मालाचं वर्णन, कुठल्या गावांत होतो, कसा होतो, त्या मुलखाशी त्याचं नातं काय. तिथला परीक्षक एक प्रश्न नक्की विचारेल: नाव कोल्हापूरचं, मग बेळगाव जिल्हा यात कसा? त्याचं उत्तर दोन महामंडळांना मिळून, एकाच मजकुरात द्यावं लागेल, आणि त्या मजकुरात कापशी, पुकरी, कचकडी या प्रकारांच्या शेजारी अथणी, निपाणी, मदभावी ही नावं लिहावी लागतील.